दानाकडून हक्काकडे : विद्यार्थ्यांचे बाबासाहेब

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर काही ठराविक चित्रे उभी राहतात. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब, गोलमेज परिषदेत बोलणारे बाबासाहेब, संविधानाचा मसुदा हाती असलेले बाबासाहेब आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बाबासाहेब. ही चित्रे खरीच आहेत आणि ती कधीही पुसली जाणार नाहीत. परंतु या थोर पुरुषाच्या आयुष्यात आणखी एक काम जवळजवळ अखंड चालू होते आणि त्याचा गाजावाजा त्या मानाने फारच थोडा झाला. गरीब विद्यार्थ्याला मिळणारी मदत दात्याच्या मर्जीतून सोडवून सरकारच्या अंदाजपत्रकात नेऊन बसवायची आणि ती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाताना वाटेत हरवणार नाही अशी तजवीज करायची, हे ते काम होय. या कामाच्या इतिहासात आपल्या पनवेलचेही नाव येते. आपण सारे शिष्यवृत्तीचे, फी-माफीचे, वसतिगृहाचे अर्ज भरणारे विद्यार्थी आहोत. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्रातील हा एकच धागा उलगडून पाहावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

पंचवीस रुपये

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, म्हणजे आपल्या कोकणातलेच. घरात वडिलांमुळे विद्येचे वातावरण होते, परंतु शाळेत गेल्यावर भीमरावांना जगाची दुसरी बाजू दिसली. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तर कोणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे. ओतणारा हजर नसेल तर तहान तशीच राहायची.

पुढे कुटुंब मुंबईत आले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून, एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी एवढी मोठी गोष्ट होती की त्यासाठी सत्कारसभा भरली. त्या सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. हा मुलगा पुढे कॉलेजात गेला. परंतु वडिलांच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनात घर चालवणे आणि कॉलेजची फी भरणे या दोन्ही गोष्टी जमेनात. शिक्षण बंद पडण्याची वेळ आली तेव्हा केळुसकर गुरुजींनीच त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे नेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव बी. ए. झाले.

येथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. केळुसकर गुरुजी त्या सभेला गेले नसते तर? महाराज त्या दिवशी मुंबईत नसते तर? एका मुलाचे सारे भवितव्य दोन सज्जनांच्या भेटीवर अवलंबून होते. सयाजीराव महाराजांचे मन मोठे होते यात शंका नाही. परंतु असे महाराज गावोगावी नव्हते आणि केळुसकर गुरुजीही प्रत्येक चाळीत नव्हते.

बडोद्याचा धडा

१९१३ साली महाराजांनी भीमरावांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवण्याचे ठरवले. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्याबरोबर एक करार झाला. परत आल्यावर भीमरावांनी दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा तो करार होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मिळालेल्या प्रत्येक दिवसाचे सोने केले. १९१५ साली ते एम. ए. झाले आणि १९१६ साली लंडनला गेले. तेथील अभ्यास अर्धा झालेला असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास बाजूला ठेवून त्यांना १९१७ साली मायदेशी परतावे लागले.

करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. संस्थानच्या महालेखापालांच्या कचेरीत त्यांची उमेदवारी सुरू झाली. अमेरिकेत व इंग्लंडात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला मात्र जागा मिळेना. हिंदू वसतिगृहात जात आडवी येई. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव घेऊन राहिले. संस्थानच्या दिवाणांकडे त्यांनी सरकारी बंगल्यासाठी मागणी केली होती, ती एका कारणाने वा दुसऱ्या कारणाने लांबणीवर पडत गेली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक विश्रामगृहात आले आणि त्यांना तेथून निघून जावे लागले. हिंदू मित्राच्या व ख्रिस्ती मित्राच्या घरीही आसरा मिळाला नाही. एका बागेत काही तास काढून ते मुंबईच्या गाडीत बसले.

महाराजांनी मदत दिली होती, ती खरी होती. परंतु ती मदत महाराजांकडून दिवाणांकडे, दिवाणांकडून कचेरीकडे आणि कचेरीतून शहराकडे पोहोचेपर्यंत तिच्यातला जीव निघून गेला. वरचा माणूस उदार असला तरी खालच्या माणसावर नियमाचे बंधन नसेल तर त्या उदारपणाचा उपयोग होत नाही, हा धडा बाबासाहेबांना बडोद्याने शिकवला असे म्हणणे वावगे ठरणार नाही. त्यांच्या पुढच्या साऱ्या कार्यात या धड्याची खूण दिसते.

त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकाची नोकरी केली, काटकसरीने पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. तेथून १९२३ साली बॅरिस्टर होऊनच ते परतले आणि त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेटही मिळाली.

ठराव आणि तळे

बाबासाहेब परतले त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. सरकारने तो आपल्या खात्यांकडे पाठवला. खात्यांनी तो स्थानिक संस्थांकडे पाठवला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला. कागद कायदेमंडळातून निघून तळ्याच्या काठापर्यंत येऊन पोहोचला आणि तेथेच थांबला. पाण्याला मात्र कोणी हात लावू शकत नव्हते.

कागद आणि पाणी यांतले हे शेवटचे चार हातांचे अंतर २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांनी बाबासाहेबांच्या मागे चालत जाऊन तोडले. त्यासाठी त्यांना मार खावा लागला, पुढे कोर्टात दहा वर्षे झगडावे लागले आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. महाडचा सत्याग्रह हा समतेचा संगर होता हे आपण शिकलो आहोत. पण त्यात आणखीही एक गोष्ट आहे. सरकारचा एखादा निर्णय एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे सोपवला की काम झाले, असे होत नाही. सोपवणारा मोकळा होतो, घेणारा स्वीकारतो किंवा स्वीकारत नाही, आणि ज्याच्यासाठी निर्णय झाला तो मध्येच उभा राहतो.

पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेच्या वतीने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. वसतिगृहाचीच गरज का वाटली हे आज शहरात राहणाऱ्यांना कदाचित चटकन कळणार नाही. प्राथमिक शाळा काही खेड्यांत असत, परंतु माध्यमिक शाळा असे ती तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी. खेड्यातल्या मुलाला तेथे शिकायचे तर राहायला जागा हवी. सवर्ण मुलाला नातेवाइकाच्या ओसरीवर किंवा एखाद्या खानावळीत जागा मिळे. अस्पृश्य मुलाला कोण देणार? म्हणजे शाळा खुली असूनही त्याच्या दृष्टीने ती बंदच होती. बडोद्याच्या विश्रामगृहात जे बाबासाहेबांनी सोसले, तेच दहा-बारा वर्षांचा प्रत्येक मुलगा आपापल्या तालुक्याच्या गावी सोसत होता.

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद झाले. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडला. दारूच्या करातून सरकार लोकांकडून जेवढे घेते तेवढे तरी शिक्षणावर त्यांना परत द्यावे, असा त्यांचा मुद्दा होता. अर्थशास्त्राचा पंडित बोलत होता, आणि त्याच वेळी परळच्या चाळीतला विद्यार्थीही बोलत होता.

१४ जून १९२८ रोजी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी म्हणजेच दलित शिक्षण संस्था स्थापन केली. माध्यमिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे चालवणे हा तिचा मुख्य उद्देश होता. त्यासाठी मुंबई सरकारने मदत करावी, अशी मागणी त्यांनी केली. ८ ऑक्टोबर १९२८ रोजी सरकारने पाच वसतिगृहांची योजना मंजूर केली. ती पाच ठिकाणे होती पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड.

या यादीत पनवेलचे नाव वाचून कोणाही पनवेलकराचा ऊर भरून यावा. त्या काळचे पनवेल म्हणजे खाडीकाठचे, तांदळाचे आणि मिठाचे व्यापारी गाव होते. १८५२ पासून येथे नगरपालिका होती. मुंबई-पुणे रस्त्यावरचे आणि कोकणात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडावरचे हे ठिकाण होते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडातील, खेड्यापाड्यांतून डोक्यावर वळकटी घेऊन आलेल्या मुलाला येथे राहून शिकता येईल अशी सोय झाली. सरकारचे अनुदान खर्चाला पुरे पडत नसे. बाबासाहेबांना मुसलमान व पारशी धर्मादाय संस्थांकडेही मदत मागावी लागे. तरीसुद्धा एक फार मोठा फरक पडला होता. पंचवीस रुपये महाराजांच्या खाजगीतून आले होते, या वसतिगृहांचे अनुदान सरकारच्या तिजोरीतून येत होते. महाराजांच्या दानाबद्दल आभार मानता येतात, सरकारी अनुदानाबद्दल जाब विचारता येतो. दान आणि हक्क यांतला फरक तो हाच.

नवे खाते

त्याच सुमारास कायदेमंडळात डॉ. पी. जी. सोळंकी यांच्या ठरावावरून सरकारने एक समिती नेमली. ओ. एच. बी. स्टार्ट हे तिचे अध्यक्ष असल्यामुळे ती स्टार्ट समिती म्हणून ओळखली जाते. बाबासाहेब, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या अडचणी जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन पाहायच्या, हे तिचे काम होते.

या कामासाठी बाबासाहेब १९२९ साली खानदेशात गेले असता चाळीसगावला उतरले. तेथील वस्तीतल्या लोकांना त्यांना आपल्याकडे न्यायचे होते, पण एकही टांगेवाला त्यांना टांग्यात घ्यायला तयार होईना. शेवटी टांगेवाल्याने टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. तेव्हा वस्तीतल्याच एका माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. सरकारने नेमलेल्या समितीचा सभासद, बॅरिस्टर, डॉक्टरेट मिळवलेला विद्वान, आणि त्याला गावात टांगा मिळत नाही! समितीला जे शोधायचे होते ते समितीच्या सभासदाच्या अंगावरच लिहिले गेले.

समितीचा अहवाल १९३० साली आला. शिष्यवृत्त्या द्याव्यात, वसतिगृहे वाढवावीत, नोकऱ्यांत जागा द्याव्यात आणि हे सारे पाहण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी असावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. मागासलेल्या वर्गांचे अस्पृश्य, आदिवासी आणि इतर मागास असे तीन गटही या अहवालाने केले. त्याप्रमाणे १९३१ साली मुंबई इलाख्यात मागासवर्ग खाते निर्माण झाले. तोपर्यंत गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींच्या वसाहती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडेच ही नवी जबाबदारीही आली. काल तारेच्या कुंपणाचा कारभार पाहणाऱ्या कचेरीने आज शिष्यवृत्तीचा कारभार पाहायचा, असा तो बदल होता. कारभार सोपवणे सोपे असते, कचेरीची दृष्टी बदलणे कठीण असते. परंतु मागास वर्गांच्या शिक्षणाची विचारपूस करणारा एक टेबल सरकारात कायमचा लागला, हे या खात्याचे महत्त्व आहे.

पुढच्या वर्षी पुणे करार झाला. त्यातील राखीव जागांविषयी सगळे बोलतात. पण त्या कराराच्या नवव्या कलमात प्रत्येक प्रांताने आपल्या शिक्षणखर्चातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम वेगळी काढून ठेवावी अशी तरतूद आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. येरवड्याच्या त्या तणावाच्या घटकेलाही बाबासाहेब आपल्या विद्यार्थ्यांना विसरले नव्हते!

तीन लाख रुपये

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामगारांसाठी त्यांनी केलेले कार्य हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की पद मिळाल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला आणि बनारस हिंदू विद्यापीठाला केंद्र सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये अनुदान देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी तेवढीच रक्कम का नसावी, असा त्यांचा साधा आणि बिनतोड सवाल होता. सरकारला ते मान्य करावे लागले. १९४४ पासून दरसाल तीन लाख रुपये शिष्यवृत्त्यांसाठी मंजूर झाले. त्यातून काही विद्यार्थी परदेशीही गेले.

शिक्षण हे काही मजूरमंत्र्याचे खाते नव्हते. पैसा दुसऱ्या खात्याचा, कारभार दुसऱ्या खात्याचा. आपल्या खात्याबाहेरचे म्हणून त्यांनी तो विषय बाजूला सारला असता तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु विद्यार्थी कोणत्या खात्याचा हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाही नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून आज देशभर जी योजना ओळखली जाते, तिचा उगम या तीन लाखांत आहे. पुढे ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली.

१९४७ साली संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी त्यांनी तयार केलेल्या मसुद्यात तर त्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. अनुसूचित जातींच्या मुलांच्या देशातील माध्यमिक व महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च राज्यांनी करावा, परदेशी शिक्षणाचा खर्च केंद्राने करावा आणि त्यासाठी दरसाल दहा लाख रुपये ठेवावेत, अशी स्पष्ट वाटणी त्यात आहे. शिवाय या सर्वांवर देखरेख करणारा, महालेखापरीक्षकाच्या दर्जाचा स्वतंत्र अधिकारी असावा आणि त्याने दरवर्षी अहवाल द्यावा, असेही त्यात आहे. कोणी पैसे द्यायचे, कशासाठी द्यायचे आणि दिले की नाही हे कोणी पाहायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांनी आधीच लिहून ठेवली. हे कलम लिहिणाऱ्याला बडोद्याचे दिवाण आठवले असतील का, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. हा मसुदा जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. तथापि संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदात दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकण्यात आली आणि ३३८ व्या अनुच्छेदात त्यावर लक्ष ठेवणाऱ्या विशेष अधिकाऱ्याची तरतूद झाली.

सरकारावरच सर्व भार टाकून ते स्वस्थ बसले नाहीत हेही सांगितले पाहिजे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत.

खाती बदलतात

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी रोवलेल्या रोपट्यांचे पुढे काय झाले, हे पाहणेही चरित्राचाच भाग आहे असे मला वाटते.

मागासवर्ग खाते १९५७ साली नव्या समाजकल्याण खात्यात सामावले. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि या खात्याचे बरेचसे काम त्यांच्याकडे गेले. १९८३ साली आदिवासी विकास विभाग स्वतंत्र झाला. २०१७ साली इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती यांच्यासाठी आणखी एक विभाग वेगळा निघाला. तीन लाखांची ती केंद्रीय शिष्यवृत्ती आधी दिल्लीहूनच मंजूर होई. १९५९-६० पासून तिची अंमलबजावणी राज्यांकडे आली. केंद्रातही ती मंत्रालये बदलत १९८५ च्या कल्याण मंत्रालयाकडे आली आणि १९९८ साली त्या मंत्रालयाचे नाव सामाजिक न्याय आणि अधिकारिता असे झाले. आता तर अर्ज घेऊन खिडकीपाशी उभे राहण्याऐवजी आपण तो महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरतो.

हे सारे बदल वाईट हेतूने झाले असे कोणीही म्हणणार नाही. काम वाढले की खाते फुटतेच. आदिवासी पाड्याच्या गरजा वेगळ्या, भटक्यांच्या पालाच्या गरजा वेगळ्या, त्यांना वेगळे अधिकारी असणे योग्यच आहे. आपल्या पनवेलचेच पाहा ना. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. भोवतालच्या गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडून महापालिकेकडे आला आणि सिडकोने वसवलेल्या वसाहतींतील नागरी सेवाही टप्प्याटप्प्याने तिच्याकडे येऊ लागल्या. गाव तेच, माणसे तीच, पण कोणत्या कामासाठी कोणाच्या दारी जायचे हे पुन्हा शिकावे लागले.

प्रश्न असतो तो एका दारातून दुसऱ्या दारात जाण्याच्या मधल्या काळाचा. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. खरे तर हा मान माझ्या ताईचा होता. बारावीनंतर ती वसतिगृहाचा अर्ज घेऊन दोन कार्यालयांच्या चकरा मारत होती. एका ठिकाणी सांगत की हा विषय आता दुसऱ्या खात्याकडे वर्ग झाला आहे. दुसऱ्या ठिकाणी सांगत की कागद अजून आमच्याकडे आलेले नाहीत. दोघेही खरेच बोलत असावेत. त्यांच्या खरेपणात प्रवेशाची मुदत टळून गेली. ताई एका दुकानात कामाला लागली आणि दोन वर्षांनी माझ्या प्रवेशाची फी तिने आपल्या पगारातून भरली. खाते पुढच्या महिन्यात कामाला लागले असेल, पण विद्यार्थ्याचे वर्ष पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही. १९१७ साली लंडनच्या अर्ध्या अभ्यासावरून परतणाऱ्या बाबासाहेबांना हे जितके कळले होते, तितके ते दुसऱ्या कोणाला कळणार?

म्हणून मला वाटते, बाबासाहेबांनी या कामात घालून दिलेले तीन नियम प्रत्येक हस्तांतराच्या वेळी डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. पहिला, पैशाची जबाबदारी कोणावर हे आधी लिहून ठेवावे. दुसरा, ती पार पडते की नाही हे पाहणारा अधिकारी त्या खात्याच्या हाताखालचा नसावा. आणि तिसरा, नवे दार उघडल्याची खात्री झाल्याशिवाय जुने दार लावून घेऊ नये. हा तिसरा नियम त्यांनी कुठल्या कलमात लिहिलेला नाही, तो त्यांच्या आचरणात आहे. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे पर्व संपवण्यापूर्वी शिक्षणाचे काम पुढे नेणारी दलित शिक्षण संस्था त्यांनी उभी केली होती.

काही लोक शिष्यवृत्तीकडे उपकार म्हणून पाहतात. घेणारेही कधी कधी मान खाली घालून घेतात. ज्यांनी पंचवीस रुपये दान म्हणून घेतले आणि आयुष्यभर झटून त्या दानाचा हक्क केला, त्या महापुरुषाचे चरित्र वाचल्यावर ती मान खाली राहण्याचे कारण नाही. हक्क घेणाऱ्याने तो नीट समजून घ्यावा, आपला अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे विचारावे, आपल्या मागून येणाऱ्या धाकट्या भावंडांना वाट दाखवावी आणि शिकून ज्या खुर्चीवर बसू त्या खुर्चीसमोर उभ्या राहणाऱ्याला उद्या या म्हणून परत पाठवू नये. आपल्यापैकी कितीतरी जण उद्या तलाठी, ग्रामसेवक, लिपिक, शिक्षक होणार आहेत. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाणारी ती फाइल तेव्हा आपल्याच हातांतून जाणार आहे. ती वाटेत थांबणार नाही एवढे आपण पाहिले, तर विद्यार्थ्यांच्या या पालनकर्त्याला तीच खरी आदरांजली ठरेल.